टेलिफोटो लेन्स आणि अंतराचे भान

उजनी जलाशयाच्या फुगवट्यावर, भिगवण परिसरात, हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि त्यांच्यामागोमाग नवी टेलिफोटो लेन्स घेतलेले हौशी छायाचित्रकारही येतात. यांपैकी अनेकांची पहिली छायाचित्रे अस्पष्ट निघतात. दोष बहुधा लेन्सला दिला जातो. तो क्वचितच तिचा असतो.

पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्सचा दृश्यकोन सुमारे ४७ अंश, तर ४०० मिमी लेन्सचा अवघा ६ अंश असतो. पक्षी मोठा दिसतो, त्याच प्रमाणात हाताचा कंपही मोठा होतो. म्हणून शटरचा वेग किमान नाभीय अंतराच्या व्यस्ताइतका, म्हणजे १/४०० सेकंद, ठेवावा असा संकेत आहे, १.५ गुणकाच्या लहान संवेदकावर तो सुमारे १/६०० होतो. कंपनरोधक यंत्रणा हाताचा कंप शमविते, पक्ष्याची हालचाल नव्हे. उडत्या रोहितास १/१००० सेकंदही कधी अपुरा पडतो. नावेत ट्रायपॉड उभारणे व्यर्थच, कारण नावेचे हेलकावे त्यातून थेट कॅमेऱ्यात पोहोचतात. त्यापेक्षा काठावर ठेवलेली धान्याची पिशवी बरी.

नवशिक्यास सर्वाधिक चकविते ती मात्र हवा. ऊन चढले की तापलेल्या चिखलावरील व उथळ पाण्यावरील हवेचे थर वेगवेगळ्या तापमानाचे होतात, त्यांचा अपवर्तनांक बदलत राहतो आणि दूरच्या पक्ष्याची कडा थरथरते. शटरचा वेग वाढवून वा महागडी लेन्स आणून हा दोष जात नाही. उपाय दोनच: सकाळी लवकर जाणे किंवा अंतर कमी करणे.

येथेच खरी कसोटी लागते. नावाड्याला "अजून थोडी पुढे घ्या" असे सांगण्याचा मोह अनावर होतो. वस्तुतः ही लेन्स दूर राहता यावे यासाठीच असते. पाण्यात उलट्या बुडवलेल्या माना एकापाठोपाठ वर येऊ लागल्या, पक्षी चरणे सोडून चालू लागले, की थवा अस्वस्थ झाला असे समजावे. अकारण घेतलेल्या प्रत्येक उड्डाणात चरण्याचा वेळ आणि साठवलेली ऊर्जा खर्ची पडते. अशा वेळी नाव थांबवावी, इंजिन बंद करावे आणि चौकटीत पक्षी लहान दिसत असला, तरी भोवतालच्या पाण्यासह टिपावा.