फासा टाका, माणूस रेखाटा

पुढचा मजकूर वाचण्याआधी एक करा. कोरा कागद घ्या आणि त्यावर एका शास्त्रज्ञाचे चित्र काढा. चित्र सुबकच आले पाहिजे असे नाही. पाच मिनिटे पुरेत.

काढलेत? आता त्याच्याकडे नीट पाहा. अंगात पांढरा कोट आहे का? डोळ्यांवर चश्मा? हातात परीक्षानळी? आणि मुख्य म्हणजे, चित्र पुरुषाचे आहे का?

पुष्कळांची उत्तरे 'होय' अशीच येतील. त्यात लाजण्यासारखे काही नाही. डेव्हिड चेंबर्स या संशोधकाने हाच प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर केला होता. १९६६ ते १९७७ या काळात कॅनडासह काही देशांतील ४,८०७ लहान शाळकरी मुलांकडून त्याने शास्त्रज्ञाची चित्रे काढून घेतली. त्यांत जवळजवळ निम्म्या मुली होत्या. १९८३ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. एवढ्या चित्रांत स्त्री शास्त्रज्ञ किती असतील? फक्त २८! आणि ती सर्व मुलींनी काढलेली. एकाही मुलाच्या पेन्सिलीतून स्त्री शास्त्रज्ञ उतरली नाही.

त्या काळी स्त्री शास्त्रज्ञ नव्हत्या असे थोडेच आहे? मेरी क्यूरीला १९०३ आणि १९११ अशी दोनदा नोबेल पारितोषिके मिळाली होती. आपल्या कमला सोहोनी १९३९ साली केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. माणसे जगात होती, पण चित्रांत आली नाहीत.

असे का होते? मातीच्या रस्त्यावरून बैलगाड्या जाऊन जाऊन चाकोरी पडते. मग नवी गाडीही आपोआप त्याच चाकोरीत शिरते. आपल्या कल्पनेचेही तसेच आहे. १९९४ साली थॉमस वॉर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना परग्रहावरील प्राण्यांची चित्रे काढायला सांगितले. वाटेल ते काढण्याची पूर्ण मोकळीक होती. तरी बहुतेकांच्या प्राण्यांची डावी-उजवी बाजू सारखी, त्यांना डोळे आणि पाय अगदी पृथ्वीवरच्यासारखे! प्राण्याला पिसे आहेत असे सांगितले, की त्याला पंख आणि चोचही येण्याची शक्यता वाढे. कारण आपल्या मनात पिसे, पंख आणि चोच या गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. एक ओढली की दुसरी मागोमाग येते. 'शास्त्रज्ञ' म्हटले की 'पुरुष' येतो तो याच रीतीने.

ही गाठ सोडवायची कशी? 'वेगळे काढ' असे मनाला बजावून फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी असा मदतनीस हवा की ज्याला आपल्या मनातल्या गाठी ठाऊकच नाहीत. तो तुमच्या घरी आहे. सापशिडीचा फासा!

फाशाला स्मरणशक्ती नसते. आत्ता ६ पडला म्हणून पुढच्या वेळी ६ पडण्याची शक्यता कमीही होत नाही आणि वाढतही नाही. ती दर वेळी एक षष्ठांशच असते. गणितात अशा घटनांना स्वतंत्र घटना म्हणतात. आपल्या मनात 'कोण' आणि 'कसा' हे बांधलेले असतात. फासा ते दोन्ही स्वतंत्रपणे निवडतो.

आता याद्या करू. आपण मीरा-भाईंदर परिसर घेऊ, तुम्ही तुमचा गाव घ्या. एक अडचण मात्र आधीच दूर केली पाहिजे. मराठीत नाव घेताच लिंग ठरते: 'कामगार' म्हटले की पुरुष आणि 'कोळीण' म्हटले की स्त्री. म्हणून यादीत माणसाऐवजी काम लिहायचे आणि स्त्री की पुरुष हे नाणे उडवून ठरवायचे. छापा आला तर स्त्री, काटा आला तर पुरुष.

पहिली यादी, काम: १) उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणे, २) खाडीकाठच्या मिठागरात मीठ ओढणे, ३) रिक्षा चालवणे, ४) स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणे, ५) लोकलमध्ये तिकिटे तपासणे, ६) प्रयोगशाळेत संशोधन करणे.

दुसरी यादी, स्वभाव: १) भित्रेपणा; २) विसराळूपणा; ३) चौकसपणा; ४) रागीटपणा; ५) थट्टेखोरपणा; ६) अबोलपणा.

तिसरी यादी, जवळची वस्तू: १) मोडकी छत्री, २) दुर्बीण, ३) मांजराचे पिल्लू, ४) बुद्धिबळातला घोडा, ५) लांब दोरी, ६) किल्ली हरवलेले कुलूप.

एकदा नाणे उडवा, तीनदा फासा टाका. किती वेगवेगळी माणसे तयार होतील, सांगा पाहू? २ × ६ × ६ × ६ = ४३२! रोज एक काढले तरी वर्ष पुरायचे नाही.

समजा, छापा पडला आणि मग २, ६, २ असे आकडे आले. म्हणजे मिठागरात मीठ ओढणारी एक अबोल बाई आणि तिच्याजवळ दुर्बीण. मिठागरात दुर्बीण कशाला? क्षणभर थांबा, कारण खरे काम इथेच सुरू होते. मिठागराच्या उथळ पाण्यात पाणपक्षी उतरतात. ती ते पाहत असेल! आणि बोलले की पक्षी उडतात, म्हणून तर ती अबोल झाली नसेल? बघा, तीन सुट्या गोष्टींना एक कारण मिळाले आणि माणूस उभा राहिला. आता हातही थांबणार नाही: उन्हासाठी डोक्यावर घट्ट बांधलेले फडके, खाऱ्या पाण्यात अनवाणी पाय, मीठ ओढण्याचे अवजार काखेत आणि मान पुढे काढून एकाग्र झालेली नजर. फाशाने फक्त प्रश्न घातला. उत्तर तुमचे आहे.

हा खेळ खेळताना तीन पथ्ये पाळा.

पहिले, दोन फासे एकदम टाकून त्यांची बेरीज घेऊ नका. बेरीज ७ येण्याच्या ३६ पैकी ६ रीती आहेत, २ येण्याची मात्र एकच. म्हणजे सातव्या नावाला दुसऱ्या नावाच्या सहापट संधी मिळेल. फासा खरा, पण निवड पक्षपाती!

दुसरे, आलेले दान आवडले नाही म्हणून पुन्हा फासा टाकू नका. 'हे विचित्र आहे, नको' असे ज्याला वाटते ते मन चाकोरीतलेच असते. पुन्हा टाकलात की मागच्या दाराने तेच परत येते.

तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. फासा यादीबाहेरचे काही देऊ शकत नाही. यादी घरात बसून केलीत, तर तुमची चाकोरीच यादीत उतरेल. म्हणून वही घेऊन बाहेर पडा. स्टेशनचा पूल, मासळी बाजार, कारखान्याचे फाटक या ठिकाणी पाहा, कोण काय करते, कसे उभे राहते, हात कुठे ठेवते. डोळ्यांनी पाहिलेलेच यादीत लिहा.

आता वर्गात एक प्रयोग करा. आधी सर्वांनी काहीही न सांगता शास्त्रज्ञ काढावा आणि स्त्रियांची चित्रे मोजावीत. मग प्रत्येकाने नाणे उडवून पुन्हा शास्त्रज्ञ काढावा. वर्गात ४० मुले असतील तर दुसऱ्या वेळी स्त्रिया सुमारे २० येतील. बरोबर २० मात्र क्वचितच, आणि तसे का, याचाही विचार करा.

दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. त्यांच्यात फार अंतर पडले, तर तेवढी माणसे आजवर आपल्या कागदाबाहेर राहिली होती असे समजा. त्यांना आत घ्यायला एक नाणे पुरले.