मांडवातील पहिली मैफल

बंगळूर शहराच्या पूर्व अंगास महादेवपुरा नावाचा भाग आहे. एके काळी त्याची स्वतंत्र नगरपालिका होती. २००७ साली हा भाग बंगळूर महानगरपालिकेत समाविष्ट झाला. संगणकाच्या व्यवसायानिमित्त महाराष्ट्रातून आलेली कित्येक मराठी कुटुंबे येथील उंच इमारतींतून राहतात. कचेरी आणि घर ह्यांच्या येरझारांत त्यांची वर्षे सरतात. पण ज्या शहराचे मीठ खाल्ले, त्या शहराच्या जुन्या पेठांशी त्यांचा परिचय होतोच असे नाही. हा परिचय घडवून आणणारा एक सुखद प्रसंग प्रतिवर्षी चैत्राच्या सुमारास येतो. तो म्हणजे चामराजपेठेतील रामनवमीचा संगीतोत्सव.

श्रीरामसेवा मंडळी ही संस्था एस. व्ही. नारायणस्वामी राव यांनी १९३९ साली सुरू केली. तिचा उत्सव अनेक दशके फोर्ट हायस्कूलच्या पटांगणात मांडव घालून होत आला आहे, आणि तो सुमारे महिनाभर चालतो. पुण्यात पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली आरंभिलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाची ज्याला माहिती आहे, त्याला मांडवातील संगीत ही गोष्ट नवी नाही. तरीही पहिल्यांदाच जाणाऱ्याच्या मनात एक संकोच असतो. कर्नाटक संगीत आपल्याला समजेल काय, आणि तीन तास बसवेल काय? ह्या दोन शंकांची उत्तरे दोन प्रकारच्या तयारीत आहेत. एक तयारी देहाची, दुसरी कानाची.

देहाची तयारी सोपी आहे. परंतु तिच्याकडे दुर्लक्ष केले, तर उत्तम गायनही व्यर्थ जाते. एप्रिलमध्ये बंगळुरात उन्हाळा ऐन भरात असतो आणि सायंकाळी वळवाची सर अवचित येऊ शकते. म्हणून सुती सैल कपडे, पाण्याची बाटली, एक छत्री आणि पाठीशी घ्यावयास लहानशी उशी एवढे सामान पुरे. पोटभर जेवून जाऊ नये, उपाशीही जाऊ नये. मोटारीचा हट्ट सोडावा हे उत्तम. २०२३ च्या ऑक्टोबरपासून व्हाइटफील्डची मेट्रो जांभळ्या मार्गाने थेट शहराच्या मध्याशी जोडली गेली आहे. मॅजेस्टिकला गाडी बदलून हिरव्या मार्गाने कृष्णराजेंद्र मार्केटला उतरले, की चामराजपेठ जवळच आहे. परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते आणि त्या दिवशीच्या मैफलीस तिकीट आहे किंवा नाही, हे मात्र आधी पाहून ठेवावे.

मांडवात बसावयाचे कोठे, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. बंद सभागृहात भिंतींवरून परतणारा नाद मूळ स्वराला भर देतो. मोकळ्या जागी ती भर नसते. उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले, की ध्वनीची पातळी सुमारे सहा डेसिबलने उतरते. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून मंचापासून चौतीस मीटरांवर बसलेल्याला मृदंगमवर पडलेला हात आधी दिसतो आणि त्याचा मूळ नाद सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने मागाहून पोहोचतो. ध्वनिक्षेपक ही उणीव पुष्कळशी भरून काढतात. परंतु अगदी त्यांच्यापुढे बसल्यास कान शिणतात. तेव्हा मांडवाचा मध्य गाठावा आणि त्यातही थोडे पुढे सरकावे.

आता कानाची तयारी. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला येथे सर्वस्वी परके असे थोडेच आहे. आपला भूप तो तेथील मोहनम्, आपला मालकंस तो हिंदोळम्. यमनाचे नाते कल्याणीशी आहे. मात्र नावे फसवतातही. कर्नाटक संगीतातील तोडीचे स्वर आपल्या भैरवीचे आहेत, आपल्या तोडीचे नव्हेत. एवढी दोन-चार नावे ध्यानात ठेवली, तरी अनोळखी समाजात ओळखीचा चेहरा दिसावा तसे वाटते.

त्याहून उपयुक्त साधन म्हणजे आदितालाची मोजणी. ह्या तालाच्या आठ मात्रा चार, दोन, दोन अशा विभागलेल्या असतात. पहिल्या चारांत एक टाळी आणि बोटांवर तीन मोजण्या; पुढील प्रत्येक दोनांत एक टाळी आणि तळहात उलटा करून एक खूण. घरी चार दिवस मांडीवर हा सराव केला, की मांडवात शेजारचे आजोबा ज्या तालात हात हलवीत असतात त्यात आपलाही हात आपोआप मिसळतो. येथे श्रोता नुसता ऐकत नाही, तो मोजतो. आणि मोजता मोजता मैफलीचा भागीदार होतो.

मैफलीचा क्रम साधारणतः ठरलेला असतो. आरंभी बहुधा वर्णम्, मग काही कृती, मग एका मुख्य रचनेचा सविस्तर विस्तार. त्यानंतर तालवादकांचे स्वतंत्र वादन येते. त्याला तनि आवर्तनम् म्हणतात. नेमक्या ह्याच वेळी काही श्रोते कॉफीसाठी उठतात. नव्या श्रोत्याने तसे करू नये. वादकाचा तो मानाचा क्षण होय, आणि शिकलेल्या मोजणीची खरी कसोटीही तेथेच लागते. शेवटास सुटसुटीत रचना आणि मंगलम्.

ह्या सुटसुटीत रचनांत पुष्कळदा मराठी अभंग असतो. तो कानी पडताच महादेवपुऱ्याहून आलेल्या श्रोत्याला आश्चर्य वाटते. पण त्यास इतिहासाचा आधार आहे. १६७६ च्या सुमारास व्यंकोजी राजांपासून तंजावरात भोसल्यांचे राज्य नांदले. त्यांच्या आश्रयाने संगीत व नृत्य बहरले आणि मराठी कीर्तनाची पद्धत तेथील हरिकथेत उतरली. त्यागराजांचे आयुष्य, १७६७ ते १८४७, बहुतांशी ह्याच राज्याच्या परिसरात गेले. उलट दिशेनेही देणे आलेले आहे: सवाई गंधर्व धारवाडकडील कुंदगोळचे, भीमसेन जोशी गदगकडचे. कर्नाटकाने दिलेल्या ह्या स्वरांवर महाराष्ट्र मोठा झाला. म्हणून ह्या मांडवात मराठी माणूस पाहुणा असला, तरी अगदीच परका नाही.

रामनवमीला बंगळुरात ठिकठिकाणी पानक आणि कोसंबरी वाटतात. गुळाचे ते गोड पेय आणि भिजवलेल्या मूगडाळीची ती कोशिंबीर हाती येताच चैत्रगौरीचे पन्हे आणि वाटली डाळ आठवल्यावाचून राहत नाही. असा श्रोता रात्री मेट्रोने घरी परततो, तेव्हा सगळे संगीत त्याला समजलेले असते असे नाही. परंतु मांडीवरचा हात अजून आठ मोजीत असतो. पुढील वर्षी येण्यास एवढे निमित्त पुरेसे आहे.