बांध टिकला तर सुंगटे, भात आणि पक्षी तिन्ही टिकतील



पावसाळा सरला की खाजनात बगळे, तुतारी, अडई यांची गर्दी होते. काहीजण म्हणतात, पक्षी हा वनखात्याचा विषय, आपला काय संबंध? संबंध थेट आपल्या जाळ्याशी आहे. कसा, ते थोडक्यात सांगतो.

खाजन म्हणजे मांडवी, जुवारीसारख्या नद्यांच्या काठची, भरतीच्या पातळीखालची जमीन. आपल्या पूर्वजांनी चिखल, पेंढा आणि चिरे वापरून बांध घातले आणि खारं पाणी अडवलं. गोव्यात अशी जमीन सुमारे 18,000 हेक्टर धरली जाते. बांधात मानस असते. तिच्या लाकडी फळ्या भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. पावसाळ्यात आत कोरगुटासारखं खारटपणा सोसणारं भात पिकतं आणि मानशीजवळच्या खोलगट पाण्यात शेवटे, काळुंदरं, कुर्ल्या मिळतात.

आता सुंगटांचं बघा. ती समुद्रात अंडी घालतात. बारीक पिल्लं भरतीबरोबर खाडीत येतात, खारफुटीच्या मुळांत आणि खाजनाच्या व्हाळांत वाढतात, मग परत समुद्रात जातात. म्हणजे खोल पाण्यात ट्रॉलर चालवणाऱ्याची कमाईसुद्धा या चिखलावर अवलंबून आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पाहुणे पक्षीही त्याच चिखलातले किडे, शिंपले आणि बारीक मासळी खाऊन जगतात. त्यामुळे एखाद्या वर्षी पक्षी एकदम कमी दिसले, तर पाण्यात काही बिघडलंय का, हे बघायला हवं.

बिघाड होतो कुठे? कुर्ल्यांची बिळं, बार्जच्या लाटा आणि वेळेवर न झालेली डागडुजी यामुळे बांध फुटतो. खारं पाणी आत मुरलं की भात बंद होतं, जमीन पडीक राहते. पडीक जमिनीवर मग मातीचा भराव टाकणाऱ्यांची नजर जाते. खरं तर 2011 च्या सीआरझेड अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांत विकासकामांना मनाई केली होती.

आणखी एक कारण आपल्याच बाजूचं आहे. जास्त सुंगटे मिळावीत म्हणून मानस गरजेपेक्षा जास्त वेळ उघडी ठेवली, तर खारं पाणी शेतात शिरतं आणि पाण्याच्या वेगाने बांधाचा पाया खचतो. दोन दिवस पकड वाढते, पण शेतकरी आणि मासेमार यांच्यात भांडण लागतं आणि शेवटी दोघांचंही नुकसान होतं.

पूर्वी बांधाची काळजी गावकरी, म्हणजे कोमुनिदाद घ्यायची. 1964 च्या कूळ कायद्यानंतर हे काम हळूहळू कूळ संघांकडे आलं. मानशीचा लिलाव करायचा आणि त्या पैशातून बांध दुरुस्त करायचा, ही जुनी रीत. लिलाव घेणारे आपल्यातलेच असतात, तेव्हा या हिशोबात आपणही लक्ष घालायला हवं.

माणसाला हाकलून पक्षी वाचवावे लागत नाहीत, हे कुडचड्याच्या नंदा तळ्यावरून दिसतं. हे 42 हेक्टरचं तळं 2022 मध्ये गोव्याचं पहिलं रामसर स्थळ झालं. तिथले लोक आजही पाणी साठवतात, त्यावर खालच्या बाजूची भातशेती करतात, मासेही पकडतात. आणि पक्षीही येतात.

आपण काय करू शकतो?

• मानशीच्या वेळा शेतकऱ्यांशी बोलून ठरवा. लिलावाच्या अटींत त्या लिहून घ्या.
• बांधाला गळती दिसली तर त्याच दिवशी कूळ संघाला आणि पंचायतीला कळवा. लहान भोक एका भरतीत मोठं होतं.
• बांधाबाहेरची खारफुटी तोडू नका, ती लाटांचा मार खाते.
• फाटकी नायलॉन जाळी खाडीत टाकू नका. पक्ष्यांचे पाय अडकतात, आपल्या इंजिनाचा पंखाही.
• दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. आपल्या मुलांना त्यात पाठवा. पक्ष्यांची नावं त्यांना शिकता येतील, जागा मात्र आपल्याच माणसांना ठाऊक आहेत.

तुमच्या गावच्या बांधाची आणि मानशीची सध्याची स्थिती आम्हाला जरूर कळवा. दुरुस्तीचं काम पावसाआधीच करून घ्यावं लागतं.