टोपलीकडे बघू नका

मोटारसायकलचं पेट्रोल आडरस्त्याला संपलं की काय होतं, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. गाडी एका अंगावर कलती करायची, टाकीच्या तळाचं घोटभर पेट्रोल इंजिनापर्यंत पोचवायचं आणि तेवढ्यावर पंप आला तर ठीक. नाही तर घाम गाळत ढकलत न्यायची. विमानाला ही सोय नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहणंच त्याच्या नशिबी नसतं. म्हणून लढाऊ विमानांसाठी पंपच आकाशात नेतात. एका मोठ्या विमानात इंधन भरून ते वर फिरत ठेवतात आणि लहान विमानं त्याच्यामागे येऊन, उडता उडताच, आपली टाकी भरून घेतात. हे इंधनही पेट्रोल नव्हे. आपल्या जुन्या रॉकेलचंच ते चुलत भावंड. त्या मोठ्या विमानाला टँकर म्हणतात. आमच्याकडे टँकर म्हटलं की उन्हाळ्यातला पाण्याचा टँकर आणि त्याच्याभोवतीची घागरींची झुंबड डोळ्यांसमोर येते. आकाशातला टँकर मात्र थांबत नाही. तो ताशी पाचशे किलोमीटरने पुढे जात राहतो आणि आपली घागर घेऊन आपणच त्याच्यामागे जायचं.

हे मी सांगतोय याचं तुम्हाला नवल वाटेल. मी बी.ए. झालेला, मराठीत कविता करणारा माणूस. विमानात बसण्याचा योग आजवर दोनदाच आला आणि दोन्ही वेळा खिडकी दुसऱ्याच्या वाट्याला गेली. पण गेले आठ महिने, रात्रीची नमाज आणि जेवण आटोपलं की मी संगणकापुढे बसतो आणि लढाऊ विमान चालवतो.

त्याला कारण माझा उजवा हात. दोनेक वर्षांपूर्वी तो थरथरू लागला. नुसता ठेवला तर शांत. कप उचलला, पेन धरलं की कंप सुरू. एका कविसंमेलनात माझ्या हातातला कागद एवढा हलला की पुढच्या रांगेतल्या एका सद्गृहस्थांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मला ओळी पाठ होत्या म्हणून निभावलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ‘‘इसेन्शियल ट्रेमर आहे. जिवाला धोका नाही. ताण आला की वाढणार, हे मात्र धरून चला.’’ मी ते नको तितकं धरून चाललो. हात थरथरेल या भीतीने पेन अधिकच घट्ट धरू लागलो. हाताने लिहिण्याची सवय असलेल्या माणसाला आपलंच अक्षर वाचता येईना, तेव्हा मी वही बंद करून ठेवली.

त्याच सुमारास माझा भाचा नोकरीसाठी हैदराबादला गेला आणि त्याचा संगणक, जॉयस्टिकसह, आमच्या घरी ठेवून गेला. त्यात ‘डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर’ नावाचा प्रकार होता. याला खेळ म्हणायला जीभ रेटत नाही. विमानाच्या आतली बटणं, घड्याळं, रेडिओ, इंजिन सुरू करण्याचा क्रम, सगळं खऱ्याला धरून. खाली कॉकेशस पर्वत आणि काळ्या समुद्राचा किनारा. ‘‘मामू, बसून तर बघा,’’ तो म्हणाला. मी बसलो. उड्डाण दोन दिवसांत जमलं, उतरणं दोन आठवड्यांत. मग त्याने टँकर दाखवला आणि माझे पुढचे पाच महिने त्यातच गेले.

ही कला शंभर वर्षांहून जुनी आहे. २७ जून १९२३ रोजी अमेरिकेच्या लष्कराच्या दोन दुपंखी विमानांनी ती प्रथम नीट साधली. वरच्या विमानातून रबरी नळी खाली सोडली आणि खालच्या विमानातल्या माणसाने ती हाताने पकडली. पुढे ब्रिटनच्या सर ॲलन कोबहॅम यांच्या कंपनीने नळीच्या टोकाला बॅडमिंटनच्या फुलासारखी एक टोपली बसवली आणि घेणाऱ्या विमानाच्या नाकाजवळ एक सोंड दिली. १९४९च्या ऑगस्टमध्ये या पद्धतीने इंधन घेत एक मीटिअर जेट विमान १२ तास हवेत राहिलं. अमेरिकी हवाई दलाने पुढे दुसरी वाट धरली. त्यांच्या टँकरच्या शेपटीकडून एक ताठ दांडा खाली येतो, तो टँकरमधला माणूस चालवतो आणि घेणाऱ्याने फक्त स्थिर राहायचं. टोपलीच्या पद्धतीत मात्र निशाणा घेणाऱ्यालाच साधावा लागतो. आपल्या हवाई दलाची पद्धत टोपलीचीच. २००३मध्ये आपल्याकडे इल्युशिन-७८ टँकर आले आणि आग्र्याला त्यांचा तळ झाला. जुलै २०२०मध्ये फ्रान्सहून अंबाल्याला निघालेल्या पहिल्या पाच राफेलनी वाटेत फ्रेंच टँकरकडून इंधन घेतलं, त्याची छायाचित्रं तुम्हीही वर्तमानपत्रात पाहिली असतील. छायाचित्रात ते सारं किती सोपं दिसतं!

मी चालवतो ते विमान एफ-१८ हॉर्नेट. अमेरिकेच्या नौदलाने ते अनेक वर्षं वापरलं. बटण दाबलं की नाकाच्या उजव्या अंगाने त्याची सोंड बाहेर येते. समोर चार इंजिनांचा टँकर, त्याच्या पंखाखालून मागे सोडलेली लांब नळी आणि तिच्या टोकाला दोनेक फुटांची टोपली. रेडिओवर आधी ‘इंधन हवंय’ म्हणून कळवायचं. टँकर मागे बोलावतो. टोपलीच्या वीसेक फूट मागे येऊन स्थिर व्हायचं, तयार असल्याचं सांगायचं, परवानगी मिळाली की हळूहळू पुढे सरकायचं.

आता ताशी पाचशे किलोमीटर या आकड्याने घाबरू नका. शाळेत जाताना दोन सायकली जोडीने चालवत मित्राच्या खांद्यावर हात टाकून आपण गेलोच आहोत. दोघांचा वेग सारखा असेल तर एकमेकांसाठी दोघंही जागच्या जागी असतात. टँकरचंही तसंच. महत्त्व आहे ते आपल्या आणि त्याच्या वेगातल्या फरकाला. हा फरक माणसाच्या भरभर चालण्याएवढा, ताशी पाच ते नऊ किलोमीटर असावा लागतो. त्याहून कमी पडला तर सोंड टोपलीत नीट अडकत नाही. जास्त झाला तर खऱ्या विमानात नळीला चाबकासारखी लाट येते आणि टोपली किंवा सोंड मोडू शकते.

मी काय करत होतो? टोपलीवर डोळे रोखून तिचा पाठलाग. ती डावीकडे दिसली की डावीकडे, वर दिसली की वर. मी वर जाईपर्यंत ती खाली गेलेली असे. खाली आलो की ती पुन्हा डोक्यावर. चार-पाच हेलकाव्यांत माझं विमान पिसाळलेल्या बैलासारखं उधळे. दोनदा तर मी टँकरच्या पंखालाच धडकलो. बायको भाकऱ्या झाकून ठेवत विचारायची, ‘‘मिळालं का तुमचं रॉकेल?’’

हे का होतं, ते मला कॉकपिटपेक्षा कविसंमेलनाच्या लॉजवर चांगलं कळलं. तिथल्या न्हाणीत गरम पाण्याचा नळ फिरवला तरी पाणी थंडच. आणखी फिरवला, तरी थंडच. आणखी फिरवला, आणि मग एकदम चटका! मग घाईने बंद केला तर बर्फासारखं पाणी. नळात दोष नव्हता. पाणी पाइपातून यायला वेळ लागत होता आणि तेवढा वेळ मी थांबत नव्हतो. जेट इंजिनाचंही असंच आहे. थ्रॉटल पुढे केला की जोर लगेच येत नाही. इंजिन फिरून वर यायला आणि टनावारी वजनाचं विमान वेग घ्यायला क्षण-दोन क्षण लागतात. तेवढ्यात आपण धीर सोडून आणखी रेटतो. चूक दुरुस्त करण्याच्या घाईतून दुसरी, मोठी चूक निघते. खऱ्या वैमानिकांनाही हे होतं. असे हेलकावे विमानाने नव्हे, वैमानिकाने निर्माण केलेले असतात.

भाचा फोनवरून ऐकत असे. एक दिवस आमच्या घरच्या दखनीत म्हणाला, ‘‘मामू, टोकरीकू नक्को देखो. टँकरकू देखो.’’

यावर माझा विश्वास बसेना. ज्यात सोंड घालायची त्याच्याकडेच बघायचं नाही? पण त्यात शहाणपण होतं. टोपली वाऱ्यावर हलते. खऱ्या विमानात तर जवळ आलेल्या नाकाने ढकललेल्या हवेनेही ती बाजूला सरते. हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवली की हातही हलतो. टँकर मात्र जड आणि संथ. त्याच्या पंखाखालचं नळीचं यंत्र आपल्या काचेच्या चौकटीत एका ठरावीक जागी दिसेल असं धरून ठेवायचं. टोपली डोळ्याच्या कोपऱ्यात आपोआप दिसत राहते. थ्रॉटल केसभर पुढे, मग त्यातला अर्धा मागे, मग वाट बघायची.

हाताचं काय करायचं, हेही त्यानेच सांगितलं. कोपर टेबलावर टेकवा. जॉयस्टिक मुठीत आवळू नका, अंगठा आणि दोन बोटांनी धरा. आणि पायाची बोटं हलवत राहा. हा वैमानिकांचा जुना तोडगा म्हणे. पायाची बोटं हलवणाऱ्याला हात आवळून ठेवणं जमत नाही. मी चप्पल काढून बसू लागलो. पहिल्यांदाच एक गोष्ट ध्यानात आली. माझा कंप विमानाला एवढा जाचत नव्हता. बारीक थरथर ते पोटात घालत होतं. जाचत होती ती थरथर दाबण्यासाठी मी आवळलेली मूठ.

एका रात्री टोपली आली आणि अडकली. मला ते कळलंच नाही, कारण मी टँकरकडे बघत होतो. रेडिओवर इंधन येत असल्याचं ऐकू आलं आणि मी आनंदाने मूठ आवळली. अकरा सेकंदांत सुटलो.

अडकल्यावरचं काम तर आणखी निराळं. हॉर्नेटच्या पोटात जवळपास पाच टन इंधन मावतं. ते भरताना विमान जड होत जातं, म्हणून मागे पडू लागतं, म्हणून थ्रॉटल थोडा थोडा वाढवत राहावं लागतं. टँकर मोठ्या लंबगोलात घिरट्या घालतो, तो वळला की आपणही त्याच्याबरोबर कलायचं. पहिल्या वळणाला मी सतरा वेळा सुटलो. टाकी पुरी भरली ती पाचव्या महिन्यात. त्या रात्री काटा वर सरकताना पाहून मी बायकोला उठवलं. तिने पडद्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘हलतोय की अजून.’’ मी म्हटलं, ‘‘हलू दे.’’

गैरसमज नको म्हणून सांगतो, हा काही उपचार नव्हे आणि सिम्युलेटर म्हणजे विमानही नव्हे. पोटात गोळा आणणारा हेलकावा त्यात नाही. चुकल्यावर मला मरण नाही, फक्त पुन्हा पहिल्यापासून सुरुवात आहे. खरे वैमानिक हे काम अंधाऱ्या रात्री, ढगांत, टाकी तळाला गेलेली असताना करतात. १९८२च्या फॉकलंड युद्धात एका ब्रिटिश व्हल्कन विमानाला ॲसेन्शन बेटावरून जाऊन परत आणण्यासाठी दहाहून अधिक टँकर लागले होते आणि ते उड्डाण सुमारे १६ तास चाललं होतं. त्यांच्यापुढे माझी पाच मिनिटं ती काय!

माझा हात आजही थरथरतो. दर खेपेला टोपली मिळतेच असंही नाही. पण गेल्या महिन्यात मी बंद केलेली वही उघडली. कोपर टेबलावर टेकवलं, पेन तीन बोटांत सैल धरलं, टेबलाखाली पायाची बोटं हलवली. अक्षर वाकडंतिकडं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते मला वाचता आलं.