फुंकरीतून फुफ्फुसाच्या कर्करोगाचा शोध

फुंकर मारायला लावून दारू प्यायलेला चालक ओळखण्याचे यंत्र पोलिसांकडे असते. श्वासावरूनच फुफ्फुसाचा कर्करोगही सुरुवातीला ओळखता यावा, असा प्रयत्न शास्त्रज्ञ करीत आहेत. यात सुई नाही, चिरफाड नाही. पण आपल्या कारागीर व व्यापारी बंधूंनी या चाचणीची मर्यादाही समजून घ्यावी.

१९७१ साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंग यांनी माणसाच्या श्वासात सुमारे २५० पदार्थ वाफेच्या रूपात असल्याचे दाखविले. शरीरातील पेशींच्या कामातून निघणारे असे पदार्थ रक्तावाटे फुफ्फुसात येतात. कर्करोगाच्या पेशींचे काम वेगळ्या रीतीने चालते, त्यामुळे या पदार्थांचे प्रमाण बदलते, हा चाचणीचा पाया. श्वास पिशवीत धरून यंत्राने हे पदार्थ वेगळे करतात व मोजतात.

जठरातील हेलिकोबॅक्टर जंतूसाठी श्वासाची चाचणी आज रूढ आहे. कारण तेथे एकच ठरावीक वायू शोधायचा असतो. फुफ्फुसाच्या कर्करोगाची अशी एकच खात्रीची खूण हाती आलेली नाही. त्यात विडी, जेवण आणि कामाच्या जागेची हवाही श्वासात उतरते. पॉलिशवाल्याच्या श्वासात थिनर आणि गॅरेजवाल्याच्या श्वासात पेट्रोलची वाफ सापडू शकते. तिलाच रोग समजले तर निरोगी माणूस हवालदिल होईल. खरी खूण झाकली गेली तर रोगी गाफील राहील. म्हणून ही चाचणी अजून नेहमीच्या तपासणीत आलेली नाही. कोणी ती खात्रीची सांगून पैसे मागितले तर देऊ नयेत.

आज हाती असलेला उपाय म्हणजे कमी किरणांचा सी.टी. स्कॅन. अमेरिकेत वर्षानुवर्षे भरपूर धूम्रपान केलेल्या ५३ हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार, छातीच्या एक्स-रेपेक्षा या स्कॅनने या रोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले.

धोका केवळ विडी-सिगारेटचा नाही. दगडाची बारीक धूळ, अ‍ॅस्बेस्टॉस, डिझेलचा धूर व वेल्डिंगचा धूर हेही कर्करोगकारक ठरले आहेत. अशा धंद्यात असणाऱ्यांनी खोकला दोन-तीन आठवडे थांबत नसेल, थुंकीत रक्त दिसत असेल किंवा वजन घटत असेल, तर डॉक्टरांना आपला धंदा आवर्जून सांगावा. क्षय असेलच असे मानून थुंकी न तपासता औषध घेत राहू नये. एका दिवसाची मजुरी बुडेल, पण रोग लवकर सापडला तर इलाजाला वाव राहतो.