दात पांढरे करण्याआधी डाग ओळखा

लग्न जमले किंवा नोकरीची मुलाखत आली की वरोरा, राजुरा, कोरपन्याकडची पोरे दाताच्या डॉक्टरांना सांगतात, ‘दात पांढरे करून द्या.’ लगेच ब्लीचिंगचे पैसे भरू नका. डाग कुठून आला हे आधी कळायला हवे, उपचार त्यावर ठरतो.

उजेडात आरसा धरा आणि वरचे पुढचे दात कापसाने कोरडे करा. डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारख्याच आडव्या पांढुरक्या रेघा, खडूसारखे ठिपके किंवा तपकिरी पट्टे दिसले, तर ते बहुधा पाण्यातल्या फ्लोराइडचे काम. चंद्रपूर जिल्ह्यातल्या अनेक गावांत हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरमागे १ मिलिग्रॅम हे मानक, दुसरे पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. दाताचे कवच हिरडीच्या आत घडत असते, साधारण आठव्या वर्षापर्यंत. त्या काळात फ्लोराइड जास्त पोटात गेला तर कवच सच्छिद्र बनते, आणि दात आल्यावर त्यात हळूहळू रंग मुरतो. म्हणून अशा मुलाला ‘दात घासत नाहीस’ म्हणून रागावणे हा त्याच्यावर अन्याय आहे. घरात लहान मूल असेल तर पाणी तपासून घ्या. उकळून उपयोग नाही. पाणी आटते, फ्लोराइड तेवढाच राहतो.

हलका तपकिरी डाग असेल तर डॉक्टर आम्ल मिसळलेली खरखरीत पेस्ट चोळून कवचाचा अगदी पातळ थर काढतात आणि गरज पडली तर मग ब्लीचिंग करतात. नुसत्या ब्लीचिंगने पांढरे ठिपके सुरुवातीला उलट उठून दिसतात. खड्डे पडले असतील तर दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट भरतात. दातावर पातळ मुलामा चिकटवायच्या व्हिनियरसाठी बहुतेकदा दात घासून कमी करावा लागतो आणि गेलेले कवच परत येत नाही. विशीतल्या मुलामुलींनी ती घाई करू नये, असे मला मनापासून वाटते.

खर्ऱ्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचा, डाग वेगळा. तो हिरडीलगत आणि दातांच्या आतल्या बाजूला काळपट-लाल बसतो. तो वरचा असल्याने किटणासोबत साफ होतो. किटण काढल्याने दात ढिले होत नाहीत. ते निघाल्यावर आधीचीच फट दिसू लागते, एवढेच. पण खर्रा खाणाऱ्याने आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का ते पाहावे. जात नसतील किंवा तिखटाने तोंड पेटत असेल, तर दातांचा रंग बाजूला ठेवून आधी तोंड दाखवा. ही कर्करोगाआधीची अवस्था असू शकते. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ अभियान दारू-तंबाखू सोडवण्यासाठी गावोगाव काम करते, त्यांची मदत घ्या.

पांढऱ्यासोबत दात सरळही हवे असतील, तर लक्षात ठेवा: दात सरळ करायची तार सावकाश ओढते. एका बाजूचे हाड विरघळते, दुसऱ्या बाजूला नवे भरते, आणि दात महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. त्यामुळे दीड-दोन वर्षे लागतात, चार ते आठ आठवड्यांनी दवाखान्यात जावे लागते. पर्लकोटा नदीच्या पुराने गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता बंद झाल्याचे आपण किती पावसाळ्यांत ऐकले आहे! तिकडच्यांनी पावसाळ्यातल्या भेटींचे काय करायचे हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. फ्लोराइडचे डाग असतील तर तेही तेव्हाच सांगावे. अशा कवचावर तारेचे ब्रॅकेट नीट चिकटत नाही, वारंवार सुटते, आणि सुटलेले एक ब्रॅकेट चिकटवायला पुन्हा दिवसभराचा एसटीचा प्रवास पडतो.