पावसाळा नसलेला नकाशा

रविवारी रात्री जेवणं आटोपली की आमची व्हॉइस चॅटवर बैठक बसते. ‘टोटल वॉर’चा पुढचा गेम कुठल्या काळातला यावा, हा विषय निघाला की त्या रात्री खेळणं होत नाही. बाहेरच्या कुणी ऐकलं तर त्याला वाटेल, ही मंडळी लग्नाची स्थळं बघतायत. अमुक शतक देखणं आहे, पण घरात माणसं कमी. तमुक युद्ध घरंदाज खरं, पण बाजारात त्याला विचारतो कोण?

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडमधल्या हॉर्शम गावची क्रिएटिव्ह असेंब्ली ही कंपनी २००० सालापासून ही मालिका काढते. पहिला ‘शोगन’, म्हणजे आपसात लढणाऱ्या जपानी सरदारांचा. मग मध्ययुगीन युरोप, रोम, अठरावं शतक, नेपोलियन, पुन्हा जपान, पुन्हा रोम, अटिला, चीनमधली तीन राज्यं, ट्रॉय, फॅरोंचा इजिप्त. मध्ये वॉरहॅमर नावाच्या काल्पनिक जगाचे तीन भाग येऊन गेले. रचना मात्र पहिल्यापासून तीच. मोठ्या नकाशावर आळीपाळीने चाली करायच्या, कर बसवायचे, तह करायचे, फौज उभी करायची. दोन फौजा समोरासमोर आल्या की नकाशा बाजूला सरतो आणि हजारो सैनिकांची ती लढाई आपण वरून बघत, तिथल्या तिथे लढवतो.

आमच्यातला एक जण नाशिकला हिशेब तपासनीस आहे. त्याने या अंदाजांची एक्सेल शीट केली आहे. डावीकडे काळ, वरच्या ओळीत निकष. आम्ही भांडतो आणि तो गुण भरतो. ती शीट भरताना मी इतक्यांदा ऐकली आहे की आता गेम जाहीर होण्याआधीच त्याचे गुण मला तोंडपाठ असतात.

पहिला निकष: तुल्यबळ पक्ष किती? सिकंदराचं नाव दर वेळी निघतं आणि दर वेळी इथेच अडकतं. २००६ मध्ये ‘रोम’ला जोडून सिकंदराचा एक भाग निघाला होता, त्यात खेळायला फक्त मॅसिडोनिया होता. दुसऱ्या कुणाच्या बाजूने खेळून जगाचं काय होतं ते बघायची सोयच नाही. जपानचा काळ इथे पैकीच्या पैकी घेतो, कारण प्रत्येक घराणं क्योटोकडे डोळे लावून बसलेलं.

दुसरा: पथकांमध्ये वैविध्य आहे का? तिसरा रोकडा आहे, डब्यावरचं नाव वाचून माणूस पाकिटाला हात घालेल का? ‘थ्री किंग्डम्स’ २०१९ मध्ये आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्या दहा लाख प्रती गेल्या, कारण ती कथा चीनमध्ये पोरासोरांना ठाऊक आहे. ‘फॅरो’ २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आला आणि डिसेंबरमध्ये कंपनीला किंमत उतरवून आधीच्या गिऱ्हाइकांना काही पैसे परत द्यावे लागले. गेम वाईट नव्हता. मी तो मन लावून खेळलो आणि त्यातली वाळूची वादळं मला अजून आवडतात. पण लोक कित्येक वर्षं मध्ययुग मागत होते आणि हाती आलं कांस्ययुग.

चौथ्या निकषावर खरी मारामारी होते. या काळातल्या लढाया मैदानात, रांगा मांडून होत होत्या का? मालिकेचं सगळं यंत्र याच एका दृश्यावर उभं आहे: दोन फौजा, मध्ये मोकळी जमीन. पहिलं महायुद्ध हवं म्हणणारा एक जण आमच्यात आहेच, सगळीकडे असतो. तो २०१२ च्या ‘फॉल ऑफ द सामुराई’कडे बोट दाखवतो. त्यात गॅटलिंग तोफा आहेत, आगगाडी आहे, पोलादी जहाजं आहेत; मग खंदकांनी काय घोडं मारलंय? हौशी लोकांनी ‘नेपोलियन’वर ‘द ग्रेट वॉर’ नावाचा मॉड, म्हणजे मूळ गेममध्ये केलेला फेरफार, बनवलेला आहे. आम्ही तो खेळलो. सैनिकांचे गणवेश बघत राहावेत असे. पण शेकडो मैलांची सलग आघाडी दोन फौजांच्या भेटीत कोंबली की ते नेपोलियनचंच युद्ध होतं, फक्त टोप्या बदललेल्या. शीटवर चौथ्या रकान्यात दोन गुण पडले. तो अजून रुसलेला आहे.

आता आपल्याकडचं. २००९ च्या ‘एम्पायर’मध्ये युरोप आणि अमेरिकेबरोबर हिंदुस्थानचाही नकाशा होता आणि खेळता येणाऱ्या मोजक्या सत्तांमध्ये ‘मराठा कॉन्फेडरसी’ होती. सातासमुद्रापार बनलेल्या गेममध्ये आपलं नाव बघून कॉलेजातल्या पोरांना काय वाटलं असेल ते सांगायला नको. त्यात संगणकाच्या हातातले मराठे बरेचदा मुघलांना संपवून इराणच्या दिशेने निघतात. त्यावर परदेशी खेळाडू विनोद करतात आणि आम्ही उगाच कॉलर ताठ करतो. गेम १७०० साली सुरू होतो. प्रत्यक्षात त्या साली राजाराम महाराज सिंहगडावर वारले, सूत्रं ताराबाईंकडे आली आणि औरंगजेब एकेक किल्ला घेत सह्याद्रीत फिरत होता. शिंदे-होळकर-गायकवाड-भोसल्यांचा तो संघ उभा राहायला अजून काही दशकं होती. असो, नावाचं मी मनावर घेत नाही. मला खटकतं ते वेगळंच.

‘एम्पायर’मध्ये वर्षाच्या दोन चाली असतात, एक उन्हाळ्याची, एक हिवाळ्याची. पावसाळा नाही. युरोपपुरतं ते ठीक, तिथे फौजा हिवाळ्यात बसायच्या. पण दख्खनचं युद्ध पावसावर चालायचं. जूनमध्ये छावणी, दसऱ्याला सीमोल्लंघन, नद्या उतरल्या की मोहीम, आणि पुढचा पाऊस यायच्या आत काय ते उरकायचं. शिवाजी महाराज पन्हाळ्याचा वेढा फोडून विशाळगडाकडे गेले ते जुलै १६६० मधल्या पावसात. ‘शोगन २’मध्ये वर्षाचे चार ऋतू आहेत, म्हणजे यंत्राला हे अशक्य नव्हतं. हिंदुस्थानचा नकाशा काढताना तो विचार झाला नाही, एवढंच.

म्हणून आमच्या शीटवर ‘मराठे’ ही ओळ आली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, हिला पैकीच्या पैकी. पक्ष भरपूर: मुघल, निजाम, म्हैसूर, इंग्रज, फ्रेंच, सिद्दी, पोर्तुगीज. पथकंही भरपूर: बारगीर, शिलेदार, गारदी, उंटांवरचे जंबुरे, हत्ती. चौथा रकाना आला आणि हिशेब तपासनीसाने पालखेड काढलं.

१७२८ सालचं पालखेड. निजाम पुण्यात घुसलाय आणि बाजीराव ते सोडवायला येतच नाही. तो खानदेशात, गुजरातेत, बुऱ्हाणपूरच्या बाजूला धुमाकूळ घालतोय. मुलूख वाचवायला निजामाला बाहेर पडावं लागतं. पाठलाग जमावा म्हणून तो जड तोफा मागे ठेवतो आणि वैजापूरजवळच्या पालखेडला असा अडकतो की पाणी तुटतं, दाणा तुटतो. मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह होतो. मोठी लढाई झालीच नाही.

हे आम्ही ‘एम्पायर’मध्ये करून बघितलं. पुणं सोडून फौज उत्तरेला नेली. गेमच्या लेखी ते शहर गमावणं होतं: उत्पन्न बुडालं, रयत बिथरली. शत्रूभोवती चार फौजा उभ्या केल्या, तरी उघड्या रानात त्याला तहान लागत नाही. तो आपल्या पाळीत सरळ अंगावर येतो, कारण फौज असणं म्हणजे लढणं, एवढंच त्याला शिकवलंय. बाजीराव ज्यात सगळ्यांत भारी होता, ते करणाऱ्याला इथे शिक्षा होते.

“साल्हेर?” पुण्याचा मित्र म्हणाला. रास्त मुद्दा. १६७२ ला साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मुघलांना उघड्या मैदानात हरवलं. पण त्याच्या सात वर्षं आधीचं बघा. पुरंदरच्या तहात महाराजांनी तेवीस किल्ले देऊन टाकले आणि १६७० पासून ते परत घ्यायला सुरुवात केली. या मालिकेचा कुठलाही खेळाडू तेवीस शहरं सहीनिशी देऊन वेळ विकत घेईल का? तो जुना सेव्ह उघडून डाव पुन्हा मांडेल. शिवाय, महाराजांचं युनिट हरून पळताना पडद्यावर कोण दाखवणार आणि इथे कोण बघणार, असंही एकाने हळूच विचारलं. त्यावर कुणी फार बोललं नाही.

यंत्रात चपखल काय बसतं? पानिपत. १४ जानेवारी १७६१, मोकळं मैदान, इब्राहिमखानाच्या गारद्यांची रांग, तोफखाना, दुपारनंतर फिरणारी बाजी. १८०३ चं असई आणि लासवारीही, कारण तिथे शिंद्यांच्या कवायती पलटणी होत्या. गेमला मराठे आवडतात ते युरोपी ढंगाने रांगेत उभे राहतात तेव्हा. शीटच्या चौथ्या रकान्यात हिशेब तपासनीसाने सहा गुण लिहिले आणि कंसात ‘फक्त पराभव’ असं टिपलं. मला ते टिपण त्या सबंध शीटमधलं सगळ्यांत शहाणं वाक्य वाटतं, जरी ते लिहिताना तो जांभई देत होता.

डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने एकदाची ‘मिडीव्हल ३’ची घोषणा केली, काम अगदी प्राथमिक अवस्थेत आहे असं सांगून. अंदाज बांधणं आता थांबेल असं माझ्या बायकोला वाटलं होतं. उलट ते जास्त बारीक झालं. सुरुवात कुठल्या साली? पहिल्या ‘मिडीव्हल’मध्ये १०८७, १२०५ आणि १३२१ अशा तीन सुरुवाती होत्या, दुसऱ्यात १०८०. आणि पूर्वेची कड कुठे? दुसऱ्या भागात मंगोल आणि तैमूरचे हत्ती नकाशाच्या उजव्या काठावरून अचानक उगवायचे, त्या हत्तींच्या पाठीवर चक्क तोफा असायच्या. या वेळी तो काठ सरकून सिंधूपर्यंत, दिल्लीपर्यंत आला तर?

“देवगिरीपर्यंत आण,” हिशेब तपासनीस म्हणाला आणि त्याने नवी ओळ घातली. १२९६. अलाउद्दीन खलजी दिल्लीला न कळवता मोजकं घोडदळ घेऊन विंध्य ओलांडून येतो. यादव राजा रामदेवरायाची मुख्य फौज मुलाबरोबर बाहेर गेलेली. किल्ल्यात शिबंदी अपुरी, आणि धान्याची म्हणून घाईने वर चढवलेली पोती मिठाची निघाली अशी जुनी हकीकत. फौज लांब, राजधानी उघडी, दारात अनोळखी निशाण. हे या मालिकेतल्या प्रत्येक खेळाडूवर कधी ना कधी गुदरलेलं आहे. चौथ्या रकान्यात दहा गुण पडले. कुणी हरकत घेतली नाही.

पहिल्या महायुद्धवाल्याने तेवढं विचारलं, यादवांच्या शिपायांचे पोशाख कशावरून काढणार? त्यावर मंदिरांवरचे वीरगळ, होयसळ शिल्पं, असं करत करत गाडी कुठल्या कुठे गेली. दीड वाजता नाशिककराने विचारलं, नकाशा सिंधूपाशीच संपला तर ही ओळ खोडायची का. ठेव, पुण्याचा म्हणाला, मॉड करू. मग त्रिमितीय आकृत्या करायचं ब्लेंडर कुणाला येतं यावर वाद सुरू झाला.